माझ्या पडवीच्या भिंतीवरचे हात

माझ्या घराच्या पडवीत अंगणवाडी भरते, ही चूक माझीच. चौतीस वर्षं मुंबईत गोदीच्या कचेरीत कारकुनी करून देवबागेत परतलो, तेव्हा मनाशी पक्कं ठरवलं होतं. आता सकाळी पेपर वाचायचा, दुपारी ताणून द्यायची आणि कुणाचं ऐकायचं नाही. वर्षही झालं नव्हतं, एका वादळात अंगणवाडीच्या खोलीचे पत्रे उडून खाडीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी रुक्मिणी कुबल माझ्या दारात उभी.

"तात्यानू, आठ दिवस पडवी देतात काय?"

त्या आठ दिवसांना आता सहा वर्षं होतील. माझी दुपारची झोप तेव्हा गेली ती गेलीच.

ही रुक्मिणी म्हणजे बावन्न-त्रेपन्न वर्षांची, उंचीला माझ्या खांद्याएवढी बाई. आवाज मात्र असा, की पडवीतून हाक मारली तर किनाऱ्यावर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला निघालेले बोटवाले मागे वळून बघतात. नवरा अजय होडी घेऊन मासेमारीला जातो. मुलगे मोठे होऊन कामाला लागले. हिला उरली अंगणवाडी. पोरांचं वजन, उंची, लसी, खिचडी, रजिस्टर आणि मोबाईलमध्ये भरायची माहिती, हे सगळं ती चोख करते. त्यात कुणाला बोट दाखवायला जागा नाही. पण तिचा खरा जीव एका वेगळ्याच गोष्टीत. पोरांकडून काहीतरी हातानं करून घ्यायचं आणि ते पोरानं स्वतः घरी कुणाला तरी नेऊन द्यायचं.

"इकत घेतलेला कोणय देता," ती म्हणते. "पोरान केलेला पोरच देता."

हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तीन ते सहा वयाची अकरा पोरं खळीनं हात बरबटून माझ्या खांबांना मिठ्या मारतात, ते मला विचारा. शंखशिंपल्यांच्या चौकटी झाल्या, त्या भाताच्या खळीनं चिकटवल्या होत्या म्हणून झुरळांनी फस्त केल्या. एका वर्षी आजी-आजोबांना द्यायला खाडीतल्या चिखलावर पोरांच्या हातांचे ठसे घेतले. सुंदर झाले होते, मी स्वतः म्हणालो तसं. पण खाडीची माती ती खाडीची माती. मीठ फुलून वर आलं आणि पंधरा दिवसांत ठशांची बोटं एकेक करून गळाली. नातवाचा अंगठा देव्हाऱ्यापुढे तुटून पडलेला बघून एक म्हातारी अपशकुन झाला म्हणून भांडायला आली, ती थेट माझ्यावर, कारण घर माझं. करायला गेले गणपती नि झाला मारुती.

रुक्मिणी काही खचत नाही. तिला आठवलं, की तिची आई सुपं आणि टोपल्या लिंपायला कागदाचा लगदा करायची. कागद तीन दिवस भिजवायचे, उखळात कांडायचे, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि वाळला की लाकडासारखा टणक होतो. भाकरीएवढा थापायचा, त्यात पोराचा पंजा दाबायचा, की झालं.

"तात्यानू, तुमचो पेपर वाचून झालो?"

"झालो. पण मी ते जपून ठेवतंय."

"ठेवून काय लोणचा घालतलात?"

आणि माझे दोन वर्षांचे पेपर उखळात गेले.

आता केयूरबद्दल सांगतो, कारण त्याच्यावाचून ही गोष्ट नाही. केयूर हा दीपिका आणि निलेशचा मुलगा, तेव्हा चार वर्षांचा. घर माझ्या पलीकडचं. निलेश मालवाहू जहाजावर, खाली इंजिनाच्या खोलीत कामाला. नऊ-दहा महिने जहाजावर, दीड-दोन महिने घरी. केयूर पोटात असताना तो गेला, पोर सहा महिन्यांचं झाल्यावर आला, पुन्हा गेला. रोज मोबाईलवर दिसायचा. पण चार वर्षांच्या पोराला मोबाईलमध्ये पप्पा दिसतो, तसं मांजरही दिसतं आणि जेसीबीही दिसतो. केयूर "हॅलो पप्पा" म्हणायचा आणि लाल बटण दाबून मोकळा व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला निलेश घरी आला तेव्हा केयूर त्याला बघून जो खाटेखाली शिरला, तो दुपारी जेवायलाही बाहेर येईना. निलेशनं बॅटरीची मोटार आणली होती, ती खाटेखाली सोडली. मोटार आत गेली, पोर बाहेर आलं नाही. संध्याकाळी आईला म्हणाला, "आये, ह्या माणसाक तेच्या घराक पाठव." हे सगळ्या वाडीनं ऐकलं, कारण आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये भिंत असते ती नावाला.

दीड महिना निलेशनं सगळं करून बघितलं. खांद्यावर घेऊ म्हटलं की पोर आक्रोश करायचं. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला. उंचापुरा गडी, पण मान खाली.

"तात्यानू, माझ्याच घरात मी पावणो. पावण्याक निदान च्या तरी इचारतत. पुढल्या खेपेक मी येवचंय नाय. काँट्रॅक्ट वाढवन घेतंय. कशाक येवन तेका रडवू?"

मीही वर्षातून दोनदा येणारा बाप होतो. माझी मुलगी अनुजा आता कुडाळला असते, आठवड्याला फोन करते, औषधं घेतली का विचारते. सगळं बोलते, पण अजून थोडं अदबीनंच बोलते. त्याला धीर द्यायचा मला काय हक्क?

रुक्मिणी आत खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं ऐकलं होतं सगळं. ती ओले हात घेऊन बाहेर आली आणि निलेशवर जवळजवळ ओरडली.

"पावणो? बापूस पावणो? तू जा तुझ्या बोटीर. काँट्रॅक्ट वाढव नायतर कमी कर, पण माका न इचारता वाढवलस तर बघ!"

एवढा दम देऊन ती पुन्हा पातेलं घासायला गेली. करणार काय होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

फेब्रुवारीत तालुक्याला अंगणवाड्यांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. रुक्मिणीनं अकरा पोरांचे अकरा हात लगद्यावर घेतले. कडेला हळद आणि काव लावून नक्षी काढली, मागे सुंभाची गाठ. आता वाळवायचे कुठे? पुळणीवर ठेवले तर रेती चिकटते, अंगणात ठेवले तर कुत्री पळवतात. तिच्या परसात बांबूचा उंच मांडव आहे, सुकी मासळी वाळवायचा. वारा लागतो, ऊन लागतं, वर जाळं घातलेलं असल्यामुळे कावळे येत नाहीत. याहून उत्तम जागा साऱ्या देवबागेत नाही. आठ दिवस ते हात बांगडे, मोरी मासा आणि सुकटीच्या शेजारी खडखडीत वाळले.

यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर तिला मांडवावर चढून हात पालटायला मदत केली.

प्रदर्शनाला मीही गेलो, टोपली धरायला. मोठा हॉल, टेबलांच्या रांगा, रंगीत कागदाची फुलं, काड्यांची घरं. आमचे अकरा हात लाल कापडावर मांडले, तेव्हा मला वाटलं, पहिला नंबर कुठं जात नाही. थोड्या वेळानं शेजारच्या टेबलाची बाई रुमाल नाकाला लावून लांब झाली. मग तिच्या पलीकडची. मग तालुक्याच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या, साडीला बिल्ला लावलेल्या, स्वभावानं वाईट नव्हेत. त्यांनी श्वास घेतला आणि थांबल्या.

"इथं कुणाच्या डब्यात सुकट आहे का?"

रुक्मिणीनं लगेच आपला डबा उघडून दाखवला. "नाही मॅडम. भाकरी आणि लिंबाचं लोणचं. आज गुरुवार, मी वशाट खात नाही."

मग माझी पिशवी तपासली. मग टेबलाखाली वाकून बघितलं. शिपायानं खिडकीबाहेर मांजर शोधलं. शेवटी मॅडमनी एक हात उचलला, नाकापाशी नेला आणि पटकन खाली ठेवला.

"हे कुठं वाळवलंत?"

"मासळीच्या मांडवावर, मॅडम," रुक्मिणी म्हणाली. अगदी सरळ म्हणाली. "आमच्याकडे सगळं तिथंच वाळतं."

हॉलभर हशा पिकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडमनी हसू दाबत आमचं टेबल व्हरांड्यात हलवायला सांगितलं. आणि मी काय केलं? मी दोन पावलं बाजूला सरकलो. काड्यांच्या घरांपाशी जाऊन उभा राहिलो, त्या बाईशी माझा काही संबंध नाही असा. खोटं कशाला सांगू? अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

परतताना रिक्षात रुक्मिणी मांडीवर टोपली घेऊन गप्प बसली होती. ती गप्प बसलेली मी त्याआधी बघितली नव्हती. तारकर्ली मागे पडल्यावर ती म्हणाली, "घराक गेल्यार चुलीत घालतंय सगळे."

"घाल," मी म्हणालो. मलाही तेच बरं वाटत होतं.

थोड्या वेळानं तिनं एक हात उचलून नाकाला लावला. उलटा केला, परत लावला. मग माझ्यापुढे धरला.

"तात्यानू, माका वास येनाच नाय. तुमका येता?"

मी नाक खुपसून हुंगलं. काही नाही. मेथीचासुद्धा नाही.

"नाय गो."

"रोज तेच्यातच ऱ्हवतो आपण. आमका येवचो नाय." ती हातातल्या ठशाकडे बघत होती. "पण जो धा म्हयने त्या लोखंडाच्या डब्यात ऱ्हवता, तेका?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर केयूरचा हात होता, करंगळी जरा वाकडी दाबली गेलेला.

पुढचं काम माझं होतं, आणि ते मी केलं, एवढी फुशारकी मला मारू द्या. गोदीतली माझी ओळख जुनी असली तरी मेलेली नव्हती. जहाजावर माणसं बदलतात तेव्हा नव्या माणसाच्या बॅगेतून पार्सल जातं, हे मला ठाऊक होतं. निलेशच्या कंपनीच्या मुंबईच्या माणसाला चार फोन केले. खायची वस्तू आहे का विचारलं, मी सांगितलं, कागद आहे. खोटं बोललो नाही. रुक्मिणीनं तो हात प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घट्ट बांधला, वास बाहेर सांडू नये म्हणून. प्रदर्शनात ज्याच्यामुळे इज्जत गेली, तोच आता ती तुपासारखा जपत होती.

मार्च सरता सरता निलेशचा आवाजी निरोप आला. रुक्मिणीनं तो पडवीत मोठ्यानं लावला.

"बाई, पार्सल गावला. मी फोडलंय, आणि माझ्या आंगणातलो वास इलो ओ. आयेन सुकत घातलेल्या बांगड्यांचो. माझो केबिनमधलो जोडीदार म्हणाक लागलो, फेक ता दर्यात. मी म्हटलंय, आदी तुका फेकीन. धा मिनटां नाकाक लावन बसलंय. आणि हात केवढो झालो हा तेचो, बाई. माझ्या तळव्यात मावता, पण जेमतेम मावता."

पुढे त्याचा आवाज फुटला. दीपिका तिथंच उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. मीही खांबाआड गेलो. आणि रुक्मिणी? तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि पडवी दणाणून सोडली.

"निलेश, रडणां झाला असात तर आयक! आता तुझो हात धाड. हाताक जा काय गावतला ता फास आणि पुठ्ठ्यार दाब. फोटो नको! फोटो तेच्याकडे पाचशे आसत!"

एप्रिलच्या शेवटी मालवणच्या डेपोत एक चपटं पार्सल आलं. निलेशबरोबरचा वेंगुर्ल्याचा एक खलाशी सुट्टीवर उतरला होता, त्यानं पाठवलं होतं. मी ते एसटीतून मांडीवर घेऊन आलो, तर पँटवर काळा डाग पडला. तो अजून आहे. आत खोक्याचा पुठ्ठा, आणि त्याच्यावर इंजिनाच्या तेलात बुडवून दाबलेला भला मोठा काळा पंजा. मधल्या बोटाचं टोक किंचित चेपलेलं, कधीतरी लोखंडात सापडलेलं. डिझेल, ग्रीस आणि घाम यांचा असा दर्प, की माझी पडवी क्षणात बंदर झाली.

"रुक्मिणी, प्लास्टिक लाव गो तेका," मी म्हणालो. "भिंतीक तेल लागतला. गेल्या दिवाळीक रंग काढलो हा मी."

"प्लास्टिक लावलंय तर वास खंय ऱ्हवतलो?" ती म्हणाली, आणि पोराच्या छातीच्या उंचीवर, माझ्या नव्याकोऱ्या पिवळ्या भिंतीवर, चार खिळे ठोकून पुठ्ठा बसवला. मी रागानं घरात जाऊन दार आपटलं. दोन तासांनी बाहेर आलो, तर तेल भिंतीत उतरलेलं.

पहिल्या दिवशी केयूरनं तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला जाताना थांबला.

"बाई, ह्यो कोणाचो?"

"तुझ्या पप्पाचो."

केयूर विचारात पडला. मी पेपर खाली घेतला.

"पप्पाक हात आसत?" त्यानं विचारलं.

मी आजवर पुष्कळ गोष्टी ऐकल्या आहेत. पण त्या तीन शब्दांसारखं काही ऐकलं नव्हतं. पोरानं बाप बघितला होता तो मोबाईलच्या चौकटीत, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तो माणूस घरी आला, हातापायांसकट, तेव्हा पोर खाटेखाली गेलं नसतं तर काय केलं असतं?

रुक्मिणी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "आसत तर! दोन हात, दोन पाय. ह्या हातान तो मोठां इंजिन चलवता. लाव तुझो हात, बघ केवढो."

केयूरनं आपला पंजा त्या काळ्या पंजाच्या मधोमध ठेवला. तो तळव्यातच संपला. मग त्यानं हात नाकाशी नेला आणि नाक मुरडलं. पुन्हा ठेवला, पुन्हा हुंगला. तिसऱ्यांदा हसला.

त्या दिवसापासून हा रोजचा पाठ. आल्या आल्या हात लावायचा, जाताना हात लावायचा. शर्टाला काळे डाग पडतात म्हणून दीपिका कुरकुरायची, पण तोंडभर हसत. मोबाईलवर बाप दिसला की पोर ओरडायचं, "पप्पा, हात दाखव!" निलेश कॅमेऱ्यासमोर पंजा धरायचा. मग दुसरा हात दाखव. मग पाय दाखव. लाल बटण दाबायची आठवणच राहायची नाही. जूनमध्ये निलेशनं कळवलं, की काँट्रॅक्ट वाढवत नाही, ऑक्टोबरला उतरतो.

आणि एकाचं बघून बाकीची पोरं गप्प बसतील? त्यांचेही वाळलेले हात परगावच्या आईबापांकडे गेले आणि तिकडून हात येऊ लागले. गौरजाचा बाप गोव्यात हॉटेलात स्वयंपाकी, त्याचा हात हळदीत बुडून आला. एकाचा पुण्याहून सिमेंटमध्ये आला, आणताना कोपरा तुटला. एकीची आई मुंबईला नर्स, तिचा जांभळ्या औषधातला. एका बापानं पेनानं कड आखून नुसती आकृती पाठवली, ती रुक्मिणीनं परत धाडली. "ह्यात तू खंय आसस?" असं वर लिहून. गावातले तिघे बाप येऊन तक्रार करायला लागले, आमचे हात का नाहीत म्हणून. "तुमी रोज घराक आसतात," ती म्हणाली. "तुमचे हात तेंच्या पाठीर पडतत, ते पुरे!"

पावसाळा येईपर्यंत माझ्या भिंतीवर आठ हात झाले. जुलैत मॅडम तपासणीला आल्या. दारातच त्यांनी श्वास घेतला आणि थांबल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा व्हरांडा. रुक्मिणी एरवी साहेबलोकांशी पुस्तकी मराठीत बोलते. त्या दिवशी तिनं कंबरेवर हात ठेवले आणि आपल्या भाषेत बोलली.

"वास येता ना, मॅडम? येवकच व्हयो. ह्यो पप्पांचो वास. आमचो तिकडे धाडलो, तेंचो हयसर इलो."

मॅडमनी एकेक हात बघितला, खाली चिकटवलेलं पोराचं नाव वाचलं. केयूरनं त्यांचा हात धरून बापाच्या तेलकट पंजावर दाबला, मागे वळून "आता हुंगा," म्हणाला. मॅडमनी हुंगलं. आणि मग त्या खाली, पोरांच्या चटईवरच बसल्या, आणि रुक्मिणीला म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं टेबल मी बाहेर काढायला नको होतं."

पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या चाळीस सेविकांसमोर रुक्मिणी उभी राहिली, लगदा कसा करायचा ते शिकवायला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, यावेळी न सरकता. तिनं मेथी वाटून दाखवली, पंजा दाबून दाखवला आणि शेवटी सांगितलं, "वाळवायचे कुठे, हे मी सांगणार नाही. तुमच्या घरी जे वाळतं, त्याच्या शेजारी वाळवा." बांद्याच्या सेविकेनं नंतर कळवलं, की तिच्या पोरांच्या हातांना आमसुलांचा वास येतो. इन्सुलीकडच्या एकीच्या हातांना काजूच्या भट्टीचा.

ऑक्टोबरात निलेश आला. रुक्मिणीनं बजावलं होतं, आधी घरी जायचं नाही, सरळ पडवीत यायचं. सकाळी अकराला कुडाळ स्टेशनावरून रिक्षा येऊन थांबली. नवा शर्ट, अंगाला अत्तर, हातात खेळण्याची पिशवी, आणि चेहऱ्यावर अशी भीती, की वादळातल्या खलाशालाही नसेल. तो माझ्या फाटकापाशीच थबकला. पोरं खिचडी खायला बसली होती. दीपिका धावत आली, पण रुक्मिणीनं तिला हातानं मागेच अडवलं.

केयूरनं मान वर केली. बघितलं. घास गिळला. उठला. मी खांब धरला.

तो चालत फाटकापाशी गेला. निलेशच्या तोंडाकडे त्यानं बघितलंच नाही. त्यानं त्याचा उजवा हात धरला, उलटा केला, चेपलेलं मधलं बोट चाचपून बघितलं. मग नाकाला लावला आणि कपाळाला आठी घातली.

"साबण कित्याक लावलस?" त्यानं विचारलं.

निलेशनं खेळण्याची पिशवी खाली ठेवली. केयूरनं त्याच बोटाला धरून त्याला ओढत पडवीत आणलं, आपल्या ताटाशेजारी चटईवर बसवलं आणि पोरांना सांगितलं, "सरका रे. माझो पप्पा इलो." तो सहा फुटी माणूस त्या इवल्या चटईवर मांडी घालून बसला. रुक्मिणीनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, खिचडी वाढली आणि म्हणाली, "जेव आता. घराक इलस." निलेश खिचडी खात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडलो, आणि ते लपवलं नाही.

पुढचे दोन महिने बापलेकांनी वाडी डोक्यावर घेतली. होडी, पुळण, माझी नारळाची झाडं, काही सोडलं नाही. मी ओरडलो की दोघं एकाच आवाजात हसायचे.

आणि डिसेंबरात निलेशच्या निघण्याचा दिवस उजाडला. रिक्षा वळणाआड गेली मात्र, केयूरनं रेतीत अंग टाकलं आणि असा टाहो फोडला, की खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. हातपाय आपटले, चप्पल भिरकावली, "पप्पा, जाव नको" म्हणून घसा फाडला. दीपिका बिचारी त्याला उचलायला गेली, चॉकलेट दाखवायला लागली.

"गप करू नको गो तेका!" पडवीतून रुक्मिणी गरजली. "रडांदे!"

मी वळून बघितलं, तर ही बाई हसत होती. तोंडभर, अंगभर हसत होती.

"अगो रुक्मिणी, पोर आकांत करता आणि तू हसतस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. पण हसू जाईना. "तात्यानू, माझो बापूस वीस वर्सां बोटीर होतो. दर खेपेक जाताना माझो मुको घेय, आणि मी गाल पुसून खेळाक जाय. एकदा पण रडूक नाय. एके खेपेक तो गेलो तो परत इलोच नाय, तेव्हाय माका रडाक येवक नाय." मग तिनं रेतीत लोळणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं, आणि तिचा तो बोटी वळवणारा आवाज पुन्हा चढला. "आणि ह्यो बघा! आयका कसो रडता तो! तेका बापूस आसा, तात्यानू. तेका बापूस आसा!"